पयले नाकानं प्या

परवा अकोल्याहून अमरावतीला जात होतो. मूर्तिजापूर मागं पडलं आणि बडनेरा यायच्या अलीकडे एका वावरात कोणी रोडगे लावले होते. कणकेचे जाड गोळे गवऱ्यांच्या आरात भाजायचे, वर तुपाची धार, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, हा आमच्याकडचा थंडीतला बेत. दिवेलागणीची वेळ होती. गवऱ्यांचा धूर काही लाकडासारखा वर जात नाही, तो जमिनीलगत सरपटत थेट रस्त्यावर आला होता. मी गाडीची काच खाली केली. शुभा, माझी बायको, म्हणाली की काच लावा, खोकला होईल. मी लावली नाही. ह्या धुरात मला कोण भेटतं ते तिला ठाऊक आहे.

मला तिचे वडील भेटतात. आमच्या वऱ्हाडात सासऱ्याला मामाजी म्हणतात. त्यांना जाऊन आता काही हिवाळे झाले. पण थंडी पडली की त्यांची आठवण आधी माझ्या नाकाला येते आणि डोक्याला नंतर. तसं बघितलं तर हे नाक मला त्यांनीच दिलं. त्याआधी माझ्या तोंडावर नाक होतं ते फक्त चष्मा ठेवायला.

मी मूळचा अकोल्याकडचा, खारपाणपट्ट्यातल्या एका खेड्यातला. डाळमिलच्या यंत्रांत हात काळे करत शिकलो, मग कारखान्यांच्या नोकऱ्या केल्या, आणि एका नोकरीनं उचलून मला अमेरिकेत, केंटकी नावाच्या राज्यात नेऊन टाकलं. तिथं मक्याची दारू करतात, तिला बर्बन म्हणतात. आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या कोऱ्या लाकडी पिंपात ती वर्षानुवर्षं मुरवतात. परक्या मुलखात, बर्फात, एकट्या खोलीत पहिला घोट घेतला आणि मला चक्क घर आठवलं. पुरण शिजताना बुडाला किंचित लागलेला गूळ असतो ना, अगदी तीच चव. गोडसर, थोडी जळकी, घशाला ऊब देणारी. बर्बनला काही समजून घ्यावं लागत नाही, ती स्वतःच गळ्यात पडते. मी तिच्यावर बेहद्द खूश होतो.

स्कॉचशी मात्र माझं वाकडं होतं. तिथल्या एका मेजवानीत कोणी तरी मोठ्या कौतुकानं धुराची स्कॉच पाजली. दवाखान्यातल्या मलमपट्टीच्या खोलीत बसून बिडी ओढल्यासारखं वाटलं. चारचौघांत थुंकता येईना म्हणून गिळली, आणि त्याच दिवशी ठरवून टाकलं की स्कॉच पिणारे लोक नुसते सोंगाडे, आवडत नसून आवडल्याचं दाखवणारे. माझा स्वभावच असा. एकदा मत केलं की त्याला कुलूप घालून किल्ली विहिरीत टाकतो.

पुढं शुभाही तिकडं आली, आणि काही वर्षांनी आम्ही परत येऊन अकोल्याला घर केलं. शुभाचं माहेर अमरावतीचं, आणि मोर्शीजवळ त्यांची संत्र्याची बाग. मामाजी अमरावतीत ज्युनिअर कॉलेजला रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बहुतेक दिवस बागेतच असायचे. वर्गात शुद्ध पुस्तकी मराठी बोलणारा माणूस, पण घरी पाय टाकला की अस्सल वऱ्हाडी. त्यांचा एक जुना विद्यार्थी जहाजावर नोकरीला होता. तो गुरुदक्षिणा म्हणून वर्षाला एक स्कॉचची बाटली आणून द्यायचा, आणि ती नेमकी धुराची असायची.

आता आमच्याकडची रीत सांगतो, नाही तर पुढची गंमत कळायची नाही. जावई म्हणजे पाहुण्यांतला पाहुणा. त्याचे पाय धुवायचे, त्याला पाटावर बसवायचं, धोंड्याच्या महिन्यात चांदीच्या ताटात वाढायचं. अशा माणसासमोर सासऱ्यानं ग्लास हातात घ्यायचा नसतो, आणि जावयानं तर सासऱ्याच्या घरात वाससुद्धा येऊ द्यायचा नसतो. म्हणून दर दिवाळीला आम्ही बागेत जमलो की मामाजी संध्याकाळी विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर बघायला जायचे. मी जेवणाआधी पान खायला जायचो. मोर्शीच्या रस्त्याला पानाचं दुकान तिथून बरंच लांब, आणि मोटर तर दिवसा चालायची. सासूबाईंना दोघांचंही ठाऊक होतं. त्या दोघांचीही जेवणं झाकून ठेवायच्या आणि परत आल्यावर दोघांनाही बडीशेप द्यायच्या.

मग तो हिवाळा आला. मामाजींचं डोकं बरेच दिवस दुखत होतं. तपासण्या झाल्या, नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की कपाळाच्या मागं, नाकाच्या वर, एक गाठ आहे. वाईट नाही, सावकाश वाढणारी आहे, काढली की माणूस ठणठणीत. फक्त वासाची नस नेमकी तिच्याखाली दबली आहे, गाठ काढताना ती वाचायची नाही. वास जाईल, कायमचा. संक्रांत होऊ द्या, मग या, असं ते म्हणाले. बाकी सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. जीव वाचतोय म्हटल्यावर वासाचं काय घेऊन बसायचं, असं मीसुद्धा म्हणालो. मामाजींनी तपासण्यांची फाईल काखेत मारली. घरी आले आणि म्हणाले की हा हिवाळा मी बागेत काढणार. लेक शिकायला बाहेरगावी होती आणि मला घरून काम करता येत होतं, म्हणून शुभा आणि मीही त्यांच्यासोबत मोर्शीला गेलो.

बागेतल्या घरामागं एक कोठा आहे. पूर्वी बैलजोड्या असत, आता एकच गाय. कोपऱ्यात तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुश्याचा, ढीग. घरातल्या कपाटांवर सासूबाईंचं राज्य असल्यामुळं माझी बर्बनची बाटली मी त्या कुटारात पुरून ठेवली होती. एका संध्याकाळी वाकून चाचपडत होतो, तर ढिगाच्या पलीकडून कोणी तरी तसंच चाचपडतंय. मला वाटलं मुंगूस असेल. हाताला काच लागली, मी ओढली. पलीकडूनही काही तरी ओढलं गेलं. उभा राहून बघतो तर माकडटोपी घातलेले मामाजी. त्यांच्या हातात माझी बाटली आणि माझ्या हातात संत्र्याच्या सरबताची जुनी बाटली, जिच्यात सरबत मुळीच नव्हतं. गाय रवंथ करत आम्हा दोघांकडं बघत होती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मामाजींनी चष्मा सारखा केला. पेपर तपासतात तसं माझ्या बाटलीवरचं लेबल वरपासून खालपर्यंत वाचलं.

"मक्याची हाये का हे?"

मी हो म्हणालो.

"मका तं आमी ढोराईले टाकतो," ते म्हणाले, आणि मग हसले. मी सासऱ्याला असं हसताना पहिल्यांदा बघत होतो. मला बाजेवर बसवलं, कारण मी जावई. स्वतः संत्र्याच्या उलट्या क्रेटवर बसले. दोन पितळी पेले आले. मग पेला हातात फिरवत ते म्हणाले, "पाहा जावईबापू, संक्रांतीनंतर माह्यं नाक जाणार हाये. आतापर्यंत एकट्यानं पेलो, काही बिघडलं नाई. आता एकट्यानं पुरत नाई. कोणाच्या तरी ध्यानात राह्यलं पायजे."

मी खरं तेच सांगितलं की मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. मग तर बरंच आहे, कोऱ्या पाटीवर नीट लिहिता येतं, असं ते म्हणाले. आमची शाळा अशी सुरू झाली. सासूबाईंना लगेच कळलं. त्यांनी रागावण्याऐवजी खोकल्याच्या औषधाचं टोपण आणून ठेवलं, आणि मामाजींना रोज तेवढंच मोजून मिळेल असं जाहीर केलं. डॉक्टरांना विचारलं का, असं शुभानं हटकलं, तर म्हणाल्या की विचारून आले, आणि त्यांनी ह्याहून लहान टोपण सांगितलं होतं.

पहिला धडा होता तो घाई न करण्याचा. मी पेला उचलून तोंडाला लावला की ते हात धरायचे. "पयले नाकानं प्या," म्हणायचे. तोंड किंचित उघडं ठेवायचं, श्वास हळू ओढायचा, मग पेला बाजूला ठेवून दुसरीकडं बघायचं, परत वास घ्यायचा. मग विहिरीच्या पाण्याचे दोन-चार थेंब टाकायचे, त्यानं बंद कुलूप उघडतं. आणि काय वास आला ते बोलून दाखवायचं. ही शेवटची अट जीवघेणी. मी म्हणालो फिनाईल. ते म्हणाले शून्य. दुसऱ्या दिवशी म्हणालो जळकी वायर, तरी शून्य. आठवडाभर मी फिनाईल, टिंक्चर, डांबर ह्यांच्या पुढं सरकलो नाही. त्यांनी मला समजावलं की तिकडं लाकूड कमी, म्हणून दलदलीतली माती विटांसारखी कापतात, वाळवतात आणि जाळतात, म्हणजे आपल्या गवऱ्याच समजा. त्या धुरावर जव सुकवतात. डोक्याला सगळं पटायचं. नाक मात्र म्हणायचं, काहीही सांगा, हे टिंक्चरच आहे. रात्री जेवताना मी गुपचूप माझ्या बर्बनची गुळाची चव आठवत बसायचो, माहेर आठवणाऱ्या सासुरवाशिणीसारखा.

नवी चव लागणं म्हणजे सासुरवास आहे, असं मला आता वाटतं. पहिल्या दिवशी सगळंच खुपतं. लहानपणी कारलं, अंबाडीची भाजी, बिनदुधाचा चहा, कुठली चव आपल्याला आपणहून आवडली? कोणी तरी शेजारी बसून मिटक्या मारत खात होतं, म्हणून आपण परत एक घास घेतला. जिभेला आवड नसते, जिभेला फक्त सोबत लागते. मामाजी शेजारी होते म्हणून मी रोज परत बसत होतो. नाही तर पहिल्याच दिवशी ते सरबत मी गायीला पाजलं असतं.

दिवसा मामाजी नुसते वास घेत फिरायचे. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्यांचा, तोडा चालू होता. क्रेट भरताना एखादं संत्रं फुटलं की ते नखानं साल दाबून नाकाशी धरायचे. अमरावतीला तपासण्यांना जायचो तर वाटेत कापसाच्या जिनिंगपाशी गाडी थांबवायला लावायचे. ताज्या सरकीचा तेलकट, उबदार वास यायचा. मग गिल्या, म्हणजे दह्यात भिजवलेल्या, वड्याच्या गाडीपाशी थांबायचे. खायचे अर्धाच, पण कढईच्या वाऱ्याला उभे राहायचे. अंजनगाव सुर्जीच्या एका ओळखीच्या पानमळ्यात एक अख्खी दुपार काढली त्यांनी, ओल्या सावलीत, पानं चुरगाळत. एकदा म्हणाले, तुमच्या गावचा वास दाखवा. मी त्यांना अकोल्याला नेलं, डाळमिलच्या गल्लीतून हिंडवलं. तुरीच्या फोलपटांची धूळ नाकात जाऊन दोघांनाही शिंका आल्या. शिंका आवरत ते म्हणाले की हा चांगला आहे, ह्याला कष्टाचा वास आहे. मला उगाचच भरून आलं.

घरात सासूबाईंचा स्वयंपाक बदलला होता. रोज काही तरी भाजलं जायचं. जिरं, तीळ, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ. वरणाला लसणाची फोडणी दोनदा पडायची, एकदा शिजताना आणि एकदा वाढताना, ताटाजवळ आणून. मामाजी चुलीपाशी पाट टाकून बसायचे, पेपर वाचायचा बहाणा करून. एकदा मला म्हणाले की तुम्ही दारूचं काय घेऊन बसलात, ती सुटली तरी चालेल, पण सकाळी मला घड्याळ उठवत नाही, हिची फोडणी उठवते. आणि मग विचारलं की गॅस चालू राहिला तर मला कळायचं कसं? मी म्हणालो की आम्ही आहोत ना. ते म्हणाले, तुम्ही अकोल्याला असाल.

त्यांची खरी हुरहुर मला नंतर कळली. ती फुलांची होती. ज्यांना संत्र्याचं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबिया बहार घ्यायचा तर हिवाळ्यात झाडाचं पाणी तोडतात, त्याला ताण देणं म्हणतात. झाड चांगलं तहानलं, पानं मलूल झाली, की संक्रांतीच्या सुमाराला पाणी सोडायचं. मग ते झाड अंगभर फुलतं. त्या दिवसांत मोर्शीच्या रस्त्यानं डोळे मिटून गेलं तरी कळतं की बागा लागल्या. आणि मामाजींचं ऑपरेशन त्याच्या नेमकं आधी येत होतं. आयुष्यभर दर वर्षी घेतलेला तो वास ह्या एका वर्षी त्यांना चुकणार होता, आणि त्यानंतरच्या प्रत्येक वर्षी.

म्हणून त्यांनी एक वेडेपणा केला. विहिरीजवळच्या चार-सहा झाडांचा ताण त्यांनी वेळेआधीच तोडला. ऐन थंडीत, नाताळच्या सुट्ट्या चालू असताना, मोटर लावून पाणी सोडलं. ताण पुरा झाला नाही तर झाडाला फुलं येत नाहीत, नुसती पानं फुटतात, तिला नवती म्हणतात. हे वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आणि मामाजी तर दुसऱ्यांना शिकवायचे. मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "मले काय ते समजत नाई? पण एखादं झाड आयकते कधी कधी." आणि रोज सकाळी माकडटोपी घालून त्या झाडांपाशी जायचे, फांदी वाकवून शेंड्याशी डोळे नेऊन बघायचे. मी मनात कुठल्या कुठल्या देवाला नारळ बोललो होतो ते आता आठवतही नाही.

पौषातल्या एका रविवारी बागेत रोडगे केले. गवऱ्या रचायचं काम माझ्याकडं आलं. जावयाला कामाला लावलं म्हणून सासूबाई कुरकुरल्या, मामाजींनी लक्ष दिलं नाही. मी दिवसभर त्या आगटीपाशी होतो. डोळ्यांतून पाणी, केसांत राख, स्वेटर धुरानं भिजलेला. रोडगे फोडून तुपात चुरले, पोटभर जेवलो, सगळे उठून गेले. ऊन उतरायला लागलं तसा मामाजींनी पेला माझ्या हातात दिला. मी सवयीनं तोंड किंचित उघडं ठेवून वास घेतला, आणि काही तरी गडबड झाली. टिंक्चर सापडेना. अंगभर धूरच धूर होता, त्यामुळं पेल्यातला धूर मला परका वाटेचना. तो आमच्यातलाच झाला होता. आणि तो बाजूला सरकल्याबरोबर त्याच्यामागं उभं असलेलं सगळं दिसलं. भाजलेलं धान्य, थोडा मध, लिंबाची साल. घोट घेतला, आणि शेवटी जिभेवर एक चव राहिली ती मी झोपेतही ओळखली असती.

मी म्हणालो, खारं लागतंय. मामाजी म्हणाले की काहीतरीच काय. पण मी खारपाणपट्ट्यातला माणूस. आमच्या विहिरीचं पाणी खारट, त्याच पाण्यात डाळ शिजायची नाही, त्याच पाण्याचा चहा फाटायचा, आणि माझी आई त्याच पाण्यानं आम्हाला वाढवून गेली. ती चव मला कोण शिकवणार? मी ठामपणे म्हणालो की खारं आहे. त्यांनी पेला घेतला, डोळे मिटले, बराच वेळ घेतला. मग हळूच म्हणाले की आहे बुवा, इतकी वर्षं मला हे कळलं नाही. समुद्राकाठी मुरते ती, असायचंच. त्या दिवशी मला शंभरपैकी किती मिळाले ते त्यांनी सांगितलं नाही, पण रात्री सासूबाईंना मात्र सांगितलं की जवाई हुशार आहे. हे शुभानं मला सांगितलं तेव्हा मी पन्नाशीच्या उंबऱ्यावर होतो, आणि मला पहिला नंबर आल्यासारखा आनंद झाला.

बर्बन सुटली का? नाही, कशाला सुटेल? ती माझी बाटली पुढं आम्ही दोघांनी मिळून संपवली. मामाजींचं म्हणणं पडलं की ढोरं उगाच खात नाहीत मका. पण मला एवढं कळलं की बर्बन माझ्याकडं चालत आली होती, आणि स्कॉचकडं मला चालत जावं लागलं. बोट धरून नेणारा माणूस होता म्हणून मी पोचलो.

झाडांनी मात्र ऐकलं नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन आम्ही विहिरीपाशी गेलो. पोपटी, कोवळी, लुसलुशीत नवती फुटली होती सगळीकडं. एक फूल नाही. मामाजींनी एक पान तोडलं, चुरगाळलं, वास घेतला आणि खिशात टाकलं. बाकीच्या बागेला अमुक दिवशी पाणी सोडा म्हणून रखवालदाराला नीट समजावून सांगितलं, आणि आम्ही नागपूरला निघालो.

ऑपरेशन चांगलं झालं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी सगळ्यांना नावानिशी ओळखलं, पाढे म्हणून दाखवले, डॉक्टर खूश झाले. काही दिवसांनी सासूबाईंनी डबा उघडला, वरणावर लसणाची फोडणी होती. मामाजी डब्याकडं बघत राहिले. मग सासूबाईंच्या हातावर हात ठेवून म्हणाले, चांगला आला वास. त्या बाहेर व्हरांड्यात आल्या आणि खांबाला धरून रडल्या. बायकोला फसवणं मामाजींना कधीच जमलं नव्हतं.

आम्ही बागेत परतलो तेव्हा बहार पूर्ण फुटला होता. गाडीचं दार उघडलं आणि तो वास असा अंगावर आला की मला श्वास घ्यायची लाज वाटली. झाडं पांढरी झाली होती, मधमाश्यांचा आवाज भरून राहिला होता, आणि आम्ही तिघं जणू काही झालंच नाही असं सामान उतरवत होतो. कोणी फुलांचं नाव काढत नव्हतं. सासूबाई तर पदर नाकाला लावून घरात गेल्या. मामाजी हळूहळू चालत विहिरीपाशी गेले आणि त्या नुसत्या पानांच्या झाडांखाली खुर्ची टाकायला लावून बसले.

संध्याकाळी त्यांनी मला हाक मारली, पेला घेऊन या म्हणाले. एकच पेला, कारण त्यांना आता डॉक्टरांनी थेंबही मना केला होता. मी ओतली, पाण्याचे थेंब टाकले, पेला नाकाशी नेला. मला वाटलं, आता मी सांगायचं आणि त्यांनी ऐकायचं. सांगायला मी तयारही होतो. त्यांनी हात वर केला.

"हे राहू द्या. याचं मले पाठ हाये. यंदाचं फूल मी घेतलं नाई. त्याचं सांगा."

मी पेला खाली ठेवला. पलीकडच्या ओळीतल्या झाडाची एक लहान फांदी वाकवली, फुलाशी नाक नेलं आणि सांगितलं की छान आहे, गोड आहे, नेहमीसारखंच आहे. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मामाजी चिडले नाहीत. घाई करून राहिले तुम्ही, एवढंच म्हणाले. मग मी तोंड किंचित उघडं ठेवलं. श्वास हळू ओढला. फूल सोडून दुसरीकडं बघितलं, परत आलो. त्यांची नजर माझ्या चेहऱ्यावरून हलत नव्हती. त्यांचं जे गेलं होतं ते सगळं त्या घडीला माझ्या नाकाच्या शेंड्यावर उभं होतं, आणि मला भयंकर भीती वाटत होती.

"आधी गोड," मी म्हणालो. "पण साखरेचं नाही. मग हिरवं. पान चुरगाळल्यासारखं, थोडं कडू."

"मंग?"

मग काय, ते मला सापडेना. होतं, नक्की होतं, अगदी मागं. मी परत वास घेतला. आमची लेक झाली तेव्हा शुभा इथंच बाळंतपणाला होती. त्या दिवसांत मी लेकीला पहिल्यांदा छातीशी धरलं होतं. ते एकदम समोर आलं.

"मग लेकराची टाळू, मामाजी. तेल घालून, न्हाऊ घालून झोपवलेलं लेकरू असतं ना, त्याच्या टाळूसारखं."

मामाजी खुर्चीत सरळ झाले. मधमाश्या घुमत होत्या. घराच्या पायरीवर शुभा येऊन उभी होती, ती तिथंच थांबली. मामाजींनी तिच्याकडं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि मग डोळे मिटले.

"शुभा झाली तवापासून मले तेच वाटे," ते म्हणाले. "कोणाले सांगतलं नाई कधी." मग त्यांनी श्वास ओढला, हळू, तोंड किंचित उघडं ठेवून. "आला."

थोड्या वेळानं डोळे न उघडताच त्यांनी पलीकडच्या झाडाकडं बोट केलं, आणि त्याचं सांगा म्हणाले. मी उठलो आणि त्या झाडापाशी गेलो.